कंदील्याची हजेरी

त्या सकाळी माळावरच्या पागेत तेवीस घोडे होते. तेवीस घोड्यांचे पाय ब्याण्णव. त्यांतले दुखरे पाय, मार्तंड खोमणेच्या मते, अकरा. यंत्राच्या मते सदतीस.

मार्तंडचे अकरा त्याला तोंडपाठ होते. राणीचा मागचा डावा, सांध्यात पाणी झालेला. सुलतानचे पुढचे दोन्ही. असं करत तो अकरापर्यंत यायचा आणि थांबायचा. हे पाय त्याने हाताने मोजलेले होते. रोज सकाळी तळहात नडगीवरून खाली न्यायचा, ऊब लागेल तिथे बोटाने दाबायचं आणि घोड्याच्या कानांकडे बघायचं. त्रेचाळीस वर्षं त्याने मोतद्दारी केली होती; शर्यतीच्या घोड्यांना खरारा, चारापाणी, मालिश यांतच त्याचं आयुष्य गेलं होतं. यंत्राने वरचे सव्वीस पाय कुठून काढले, हे त्याला समजत नव्हतं.

मागच्या वर्षी पागेत एकतीस घोडे होते. गेलेल्या आठांपैकी एकही आपल्या मरणाने मेला नव्हता.

नीरा नदीच्या दक्षिणेला, पुण्यापासून सत्तर किलोमीटरवर ही पागा कूमीबाईंनी उभी केली होती. एके काळी त्यांचे स्वतःचे घोडे शर्यतीत धावत. शर्यती बंद पडल्यावर त्यांनी आपले आणि इतर मालकांनी टाकून दिलेले, जमतील तेवढे घोडे या माळावर आणले. त्यांच्यामागून मार्तंडही बायकोला, इंदुमतीला, घेऊन आला आणि पागेच्या टोकाला दोन खोल्यांत राहू लागला. पळून झालेल्या घोड्यांनी इथे चरावं, लोळावं, म्हातारं व्हावं, एवढाच बेत होता. चार वर्षं तो नीट चालला. मग धागा आला.

धागा केसाइतका बारीक असतो. पायांतल्या नसा जिथे मज्जारज्जूत शिरतात, तिथे तो सुईने बसवतात. पुढच्या पायांसाठी मानेच्या मुळाशी, मागच्यांसाठी कंबरेत. नसांमधून दोन तऱ्हेचे निरोप जातात. स्पर्शाचे आणि वजनाचे निरोप जाड तंतूंमधून सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने धावतात. मुरलेल्या, ठसठसणाऱ्या दुखण्याचे निरोप मात्र बारीक तंतूंमधून येतात, सेकंदाला जेमतेम एक मीटर, माणूस रमतगमत चालतो त्या गतीने. धागा दोन्ही वेगवेगळे ओळखतो आणि बारीक तंतूंवरची वर्दळ मोजतो. पाय पूर्ण बधिर केल्यावर जी येते ती शून्य धरायची, हाड मोडल्यावर येते ती शंभर. या आकड्याला वेदनांक म्हणतात.

मुक्या जनावराचं दुखणं असं वाचता येऊ लागल्यावर ते आपल्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय कुणाला उरली नाही. दोन वर्षांत कायदा झाला. सलग तीस दिवसांची सरासरी साठच्या वर गेली आणि औषधाने उतरली नाही, तर त्या जनावराला जगवत ठेवणं हा गुन्हा. कायदा दयेपोटीच केलेला होता. त्यातलं एकही कलम कुणाचं वाईट चिंतणारं नव्हतं.

तेविसांपैकी ज्याचा रोजचा आकडा गेल्या काही दिवसांत चौसष्टवर गेला होता, तो कंदील्या. कागदोपत्री नाव ब्लू लँटर्न. वय बावीस, रंग काळपट तांबडा, कूमीबाईंसाठी शर्यती चौदा जिंकलेल्या. दोन वर्षांचं शिंगरू असताना तो मार्तंडच्या हाती आला होता, आणि तेव्हापासून वीस वर्षं त्याच्या अंगाला खरारा दुसऱ्या कुणी केला नव्हता. यंत्र म्हणत होतं, त्याचा उजवा पुढचा पाय जळतोय. मार्तंडच्या अकरा पायांत तो पाय नव्हता.

"डॉक्टरीणबाई, तुमचा धागा सरकला असंल," मार्तंड म्हणाला. "या जरा. मी दाखवतो."

डॉ. नीरजा ओव्हाळ पागेची पशुवैद्य. वय एकतीस. गेलेले आठही घोडे तिच्याच हातून गेले होते, आणि प्रत्येकाच्या वेळी मार्तंड तिच्याशी दोन-तीन दिवस बोलला नव्हता. ती मुकाट्याने त्याच्यामागून गेली.

कंदील्याच्या ठाणाजवळ येताच मार्तंडने जीभ टाळूला लावून टक् केलं. आत हालचाल झाली. दार उघडलं तर घोडा चित्रात काढावा तसा उभा होता. चार पाय चार कोपऱ्यांना, मान उंच, कान पुढे.

"हा घोडा दुखतोय?" मार्तंड म्हणाला. "आहो, दुखऱ्या पायाचा घोडा पाय चोरतो. हे कालच्या पोराला बी कळतंय. बघा कसा उभा हाय, पलटणीतला शिपाई जसा."

"किती वेळा येता तुम्ही दिवसातून?"

"सहा वेळा. हजेरी घेतो."

हजेरी हा शर्यतीच्या तबेल्यातला रिवाज. संध्याकाळी मालक पाहुण्यांना घेऊन घोडे बघायला येत. त्या वेळी घोड्याने कसं उभं राहायचं हे ठरलेलं असे: चारही पायांवर सारखं वजन, अंग ताठ, नजर समोर. मोतद्दाराने म्होरकी धरून, घोड्याचं डोकं उचलून बाजूला उभं राहायचं. जो घोडा पाहुण्यांसमोर पाय चोरी तो आठवड्याच्या आत विकला जाई. कंदील्या विकला जाऊ नये म्हणून मार्तंडने त्याला हे लहानपणीच शिकवलं होतं. टक् केलं की चौरस उभं राहायचं, उभं राहिलं की गुळाचा खडा. पुढेपुढे टक् करायचीही गरज राहिली नाही, मार्तंडची चाहूल पुरे होई. माळावर आल्यावर मालक गेले, पाहुणे गेले, हजेरी राहिली.

नीरजाने खिशातून गुळाचा खडा काढून कंदील्याला दिला. त्याने तो मार्तंडकडे बघत बघत खाल्ला.

"बापू, ठाणात वजनाच्या फरश्या बसवते," ती म्हणाली. "प्रत्येक पायाखाली एक. आणि वर एक कॅमेरा. आठ दिवस. तुमचं म्हणणं खरं ठरलं तर मी स्वतः लिहून देते, धागा चुकला म्हणून."

"बसवा की. चार बसवा न्हाईतर चाळीस."

आठ दिवसांनी तिने त्याला दवाखान्याच्या खोलीत बोलावून टॅबलेट समोर ठेवला. पडद्यावर एक रेघ होती, आणि तिला दिवसातून सहा सुळके.

"हे ब्याऐंशी, हे एक्क्याऐंशी, हे पुन्हा ब्याऐंशी. वेळा बघा बापू. पावणेसहा, साडेआठ, अकरा..."

मार्तंडला वेळा वाचायची गरज नव्हती. त्या त्याच्याच होत्या.

"मला बघून त्याला आनंद होतो," तो म्हणाला. "काळीज उडतं त्याचं. ते धरतंय तुमचं यंत्र."

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून मी सेकंद मोजले." तिने रेघ मोठी केली. "तुमची चाहूल लागते तेव्हा नाडी वाढते, ती लगेच. चौतीसवरची पन्नासवर जाते. तो आनंद असेल, मी नाही म्हणत नाही. पण वेदनांक तेव्हा जागचा हललेला नाही. मग तो उजवा पाय टेकतो, ही बघा फरशीची नोंद. त्यानंतर पावणेदोन सेकंदांनी वेदनांक चढतो. खुरापासून मानेच्या मुळापर्यंत पावणेदोन मीटर अंतर आहे. दुखणं सेकंदाला एक मीटर चालतं."

मार्तंड रेघेकडे बघत राहिला.

"सहाच्या सहा वेळा?"

"आठ दिवसांत अठ्ठेचाळीस वेळा. सगळीकडे पावणेदोन."

मग तिने कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. चित्रात कंदील्या एकटा होता. उजवा पाय त्याने हातभर पुढे टाकला होता, नुसतं टोक टेकलेलं, आणि अंगाचा डावा भाग भिंतीला लावला होता. खालचा ओठ लोंबत होता. थोड्या वेळाने त्याने पुढचे गुडघे मोडले, तीनदा माघार घेतली, चौथ्यांदा धप्पकन बसला आणि मान गवतावर टाकून पडून राहिला. त्याची बरगडी वरखाली होत होती. एकाएकी कान उभे झाले. कोपऱ्यातलं घड्याळ साडेआठाला दोन मिनिटं कमी दाखवत होतं. कंदील्या उठला. कसा उठला ते मार्तंडला बघवलं नाही. मग चित्रात दार उघडलं, आणि चौरस उभ्या घोड्यापुढे हातात गूळ घेतलेला, हसणारा मार्तंड आला.

वीस वर्षांत त्याने कंदील्याला दिवसा पडलेलं पाहिलं नव्हतं.

"शिकारीच्या भीतीत वाढलेली जात आहे ही," नीरजा हळू आवाजात म्हणाली. "कुणी बघत असलं की दुखणं लपवतात. सगळेच. तुमच्या हाताखालचे पाय अकरा निघतात आणि माझे सदतीस, ते म्हणून. पण कंदील्याचं निराळं आहे. तो नुसतं लपवत नाही, त्या पायावर सगळा भार देतो."

"गोळ्या?"

"गोळ्यांनी मूत्रपिंडं गेली त्याची. अजून दिल्या तर महिनाभरात मरेल."

"मग पायच बधिर करून टाका की रोज."

"बधिर पायाने तो उडेल, पळेल. आतलं हाड पोखरलंय. ते तुटेल."

मार्तंडने टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हंजे मी जात जाऊ नको त्याच्याकडं."

"तुम्ही नसता तेव्हा त्याचा आकडा अडतीस-चाळीसवर येतो. तुमच्या येण्याजाण्यात, तुमच्या आवाजात तो दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ ताठ असतो. ते काढलं तर सरासरी साठच्या पुष्कळ खाली येईल."

दुसऱ्या दिवशी मार्तंडने कंदील्याच्या ठाणाकडे जायचं सोडलं. पण सुलतानच्या ठाणात तो खोकला, तरी साठ पावलांवर कंदील्याचा पाय टेके. त्याने वहाणा सोडल्या, अनवाणी फिरू लागला. वारा फिरला की वास जाई. तीन दिवसांनी त्याने पिशवी भरली आणि लोणंदला मेव्हण्याच्या घरी गेला. मेव्हण्याने विचारलं, "दाजी, भांडण झालं का काय?" तो म्हणाला, "व्हय, घोड्याशी," आणि मेव्हणा पोट धरून हसला.

नवव्या दिवशी नीरजाचा फोन आला.

"किती?" त्याने विचारलं.

"एकाहत्तर."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी चुकले बापू," ती म्हणाली. "तुम्ही यायचात, हजेरी संपायची, तुम्ही जायचात, मग तो पाय सोडायचा. हजेरी संपली हे त्याला तुमच्या जाण्याने कळायचं. आता तुम्ही येतच नाही, म्हणून संपतही नाही. दाराकडे तोंड करून उभा असतो. चौरस. रात्री तासभर पडतो तेवढाच. मी गूळ दिला, चारा टाकणाऱ्या म्हादूने दिला. घेत नाही."

"मी येतो."

"या. पण एक ऐकून ठेवा. तीस दिवसांची सरासरी साठच्या वर गेलीय. माझ्या हातात आता काही नाही, आकडे आपोआप कायद्याने नेमलेल्या समितीला जातात. समिती वीस दिवसांनी येईल. त्यांच्यासमोर दहा मिनिटं मोजणार. मागच्या नोंदी ते धरत नाहीत. लोकांनी त्यात घोळ केले आहेत. त्या दहा मिनिटांत आकडा सतत पन्नासच्या खाली राहिला, तर नव्वद दिवस मिळतात. नाही राहिला तर मला त्याच दिवशी..."

"कळलं," मार्तंड म्हणाला.

घरी आल्यावर तो जेवायला बसला. इंदुमती भाकरी थापत होती, ती उठून ताटात वाढायला आली. त्याने तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि आमटी वाढत होती.

"मग त्यात नवल काय?" ती म्हणाली. "तुम्ही आलात की मी न्हाई का उठत?"

"तू कशाला उठतेस?"

"आता विचारताय. गुडघे गेल्याला सात वर्षं झाली माझे."

मार्तंडने हातातला घास ताटात ठेवला. "कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही घोड्यांचे पाय चेपून यायचा. त्यात माझे कुठं दोन वाढवू?" ती हसली. "दारात वहाणा वाजल्या की उठायचं, हे अंगात बसलंय. सासूबाई होत्या तवापासनं. तुम्ही बस म्हणालात तरी बसवत न्हाई."

"बस."

"बघा, म्हणालात. बसले का?"

ती खरोखरच उभी होती. चुलीपासून ताटापर्यंत चार पावलं होती, आणि ती चार पावलं ती सरळ चालली होती. त्याने निरखून पाहिलं. काहीही दिसलं नाही.

"मग टेकतेस कधी?"

"तुम्ही तिकडं तोंड करून पेपर वाचत बसता तवा. घरात असता, पण पाठ असती. मग पसरते पाय." तिने ताटाकडे बोट केलं. "जेवा आता. पाठीसमोर कुणी ताठ उभं राहतंय व्हय?"

मार्तंडने ताट उचललं, वळला आणि भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. बराच वेळ मागे काही आवाज झाला नाही. मग बांगड्या भिंतीला घासल्या, हुश्श झालं, आणि इंदुमती खाली बसली.

त्याच दुपारी तो बादली घेऊन कंदील्याच्या ठाणात गेला. घोड्याने त्याला बघून जो आवाज काढला तो त्याने ऐकला, पण मान वर केली नाही. बादली कोपऱ्यात पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड करून तिच्यावर बसला. गूळ नाही, हात लावणं नाही, बोलणं नाही. जिभेची खात्री नव्हती म्हणून त्याने तोंडात अखंड सुपारी धरली; ती टाळूला लावून ठेवली की टक् करता येत नाही. जायचं तेही पाठमोरंच, पाय घासत, केव्हाही, ठरलेली वेळ न पाळता.

नीरजा बाहेरच्या खोलीत फरशीचे आकडे बघत होती. चौरस उभ्या असलेल्या कंदील्याचं वजन पुढच्या दोन पायांवर एकशे चौतीस आणि एकशे चौतीस किलो पडे. एकटा असताना उजव्यावर साठच्या आसपास. पहिले चार दिवस मार्तंडच्या पाठीमागे तो एकशे चौतीसवर उभा राहिला. इतका वेळ, की दुसऱ्या दिवशी नीरजाने मार्तंडला दोन तासांवर आत बसायला बंदी केली. आकडा ब्याऐंशी. मधूनमधून कंदील्या येऊन त्याच्या टोपीला नाक लावे, गरम श्वास मानेवर सोडे. मार्तंड भिंतीतल्या विटा मोजत बसे. एकशे बारा अख्ख्या, नऊ अर्ध्या.

पाचव्या दिवशी उजव्यावर एकशे सव्वीस आले. सातव्या दिवशी एकशे नऊ.

"बापू, उतरतंय," नीरजा म्हणाली. तिने आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला होता.

"मला काय बी सांगू नका. मी वळून बघंन."

बाराव्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. वेदनांक छप्पन्न. कंदील्या आता पाय पुढे टाकून उभा राहू लागला होता, आधी बोटभर, मग हातभर. मार्तंडला ते खुराच्या घासण्यावरून कळे. त्रेचाळीस वर्षं त्याने घोड्यांकडे बघितलं होतं. आता न बघता तो घोड्याविषयी रोज काहीतरी नवं शिकत होता. हा श्वास थांबवून पाय हलवतो. हा गवत डाव्या दाढेनेच चावतो. पाय जास्त ठसठसला की हा पाणी पितो.

सोळाव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, मागे गवत सळसळलं. काही तरी मोठं वाकलं, अडलं, पुन्हा वाकलं, आणि फरशी धप्पकन हादरली. मग एक आवाज आला. तो मार्तंडने कंदील्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. कंदील्या कण्हत होता. खोल, घशातून, दर श्वासाला, एखादा म्हातारा घरच्यांना कंटाळून कण्हतो तसा.

मार्तंडच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याने ते पुसलंही नाही. हात वर गेला असता तर घोडा उठला असता.

बाहेर नीरजाने आकडा वाचला. छत्तीस. तिने इंदुमतीला बोलावून पडदा दाखवला. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस आणि त्याच्यामागे अंग टाकून पडलेला घोडा. "असेच बसतात घरी," इंदुमती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली.

विसाव्या दिवसापर्यंत पाच वेळा असं झालं. मार्तंड आत असताना आकडा आता सेहेचाळीसच्या वर जात नव्हता. नीरजाने त्याला शेवटच्या सकाळी तीन गोष्टी पुन्हा सांगितल्या. उठायचं नाही, बोलायचं नाही, वळायचं नाही. समितीचे लोक दाराबाहेर उभे राहतील, जाळीतून बघतील. परकी माणसं आली तर कंदील्या थोडा बिचकेल, पण तिने चार दिवस गावातली निरनिराळी माणसं दाराशी आणून पाहिलं होतं. मार्तंड पाठमोरा आहे तोवर घोडा पाय सोडून उभा राहतो. इतर माणसं तो हिशेबात धरत नाही. तो मार्तंडला मोजतो.

"सुपारी?" तिने विचारलं.

त्याने तोंड उघडून दाखवलं.

समिती अकराला आली. एक निवृत्त पशुवैद्य, एक वकीलबाई आणि पांढरी हॅट घातलेले अध्यक्ष. स्वच्छ बूट, हलक्या आवाजातलं बोलणं. त्यांच्याबरोबर काठी टेकत कूमीबाई होत्या. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या, सहा महिन्यांनी पागेत आल्या होत्या, आणि आज त्यांनी मोत्यांचे डूल घातले होते. नीरजाने त्यांनाही सांगितलं होतं की दाराशी गेल्यावर बोलायचं नाही. त्यांनी मान हलवली होती.

मार्तंड बादलीवर बसला होता. मागे कंदील्या उजवा पाय पुढे टाकून, अर्धवट झोपेत उभा होता. बाहेर टॅबलेटवर घड्याळ सुरू झालं. पहिल्या मिनिटाला अठ्ठेचाळीस. तिसऱ्याला सेहेचाळीस. पाचव्याला पंचेचाळीस. वकीलबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. निवृत्त पशुवैद्य नीरजाकडे बघून किंचित हसले. सातव्या मिनिटाला चव्वेचाळीस आला, आणि कंदील्याचा खालचा ओठ सैल झाला.

आठव्या मिनिटाला अध्यक्ष हॅट काढून जाळीजवळ वाकले. "सुंदर जनावर आहे," ते पुटपुटले.

आपल्या घोड्याबद्दल कुणी असं म्हटल्यावर गप्प राहणं कूमीबाईंना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि पन्नास वर्षं प्रत्येक संध्याकाळी प्रत्येक पाहुण्याला सांगत तशा, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ब्लू लँटर्न. चौदा विजय."

मार्तंडची जीभ सुपारीखाली जागेवरच राहिली. तो एक शब्दही बोलला नाही. पण मालकीण पाहुणे घेऊन दारात उभी आहे आणि मोतद्दार भिंतीकडे तोंड करून बसला आहे, असं त्रेचाळीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. बादली कलंडल्याचा आवाज त्याने ऐकला, तेव्हा तो उभा होता. उजव्या हाताने टोपी सरळ केली होती. डावा हात म्होरकीला गेला होता आणि घोड्याचं डोकं पाहुण्यांकडे उचलून धरत होता.

नीरजा "बापू" म्हणाली, तेवढंच.

कंदील्याने पाय मागे घेतला. टेकला. मान उंच केली, कान पुढे केले. मार्तंडने हात सोडला, लगेच सोडला, भिंतीकडे वळला आणि डोळे मिटून घेतले. मागे कसलाही आवाज झाला नाही. खूर घासला गेला नाही, गवत हललं नाही.

दहावं मिनिट संपलं. नीरजाने टॅबलेट अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनी नियमाप्रमाणे नोंद मोठ्याने वाचली.

"उजवा पुढचा पाय, एकशे चौतीस किलो. डावा पुढचा पाय, एकशे चौतीस किलो. वेदनांक त्र्याऐंशी."